मिनिटभर मागे आलेली पालखी

टीव्हीच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन येतो आणि त्यात इंग्रजीत लाइव्ह असं लिहिलेलं असतं. मी चौथीच्या पुढे गेलो नाही, इंग्रजी माझ्या वाट्याला आलं नाही, पण ती चार अक्षरं सुनेनं मला बोट ठेवून दाखवली होती. लाइव्ह म्हणजे आत्ता, या घटकेला चाललंय ते. मी विश्वास ठेवला. त्या विश्वासानं माझ्या तोंडून जे गेलं ते रोह्यात आमच्या अख्ख्या आळीनं ऐकलं. म्हणून हे लिहितोय, आणि रागानंच लिहितोय. राग जाईपर्यंत थांबलो असतो तर लिहून झालंच नसतं.

मी रेल्वेत होतो. आधी गँगमध्ये खडी ओढली, मग कासूच्या अलीकडे फाटकावर बावीस वर्षं काढली. फाटकवाल्याचं काम लोकांना सोपं वाटतं. खांब खाली घ्यायचा, खांब वर करायचा. पण खांब वर कधी करायचा ते बघायला अक्कल लागते. फोनवर मास्तर सांगतो गाडी सुटली, गाडी पोचली. ते ऐकायचं, वहीत लिहायचं, आणि तरी स्वतः उभं राहून गाडी बघायची. शेवटच्या डब्याच्या मागे एक पाटी असते. ती पाटी डोळ्यांनी दिसली की गाडी पूर्ण गेली. नाही दिसली तर गाडी गेलेली नाही, मग कुणी काही सांगो.

एकदा मालगाडी गेली आणि पाटी दिसली नाही. मी खांब वर केला नाही. फाटकावर एका पुढाऱ्याची गाडी उभी होती. त्याचा माणूस उतरून आला.

"गाडी गेली ना? उघड की."

"नाय गेली."

"अरे, आमच्या समोरून गेली."

"तुमच्या समोरून गेली असंल. माझ्या समोरून पुरी नाय गेली."

त्यानं मला आईवरून शिवी दिली. मी झेंडा काखेत धरून उभा राहिलो. पुढं कळलं, मागचे डबे सुटून पाठीमागे रुळावर उभे होते. साहेबानं येऊन पाठीवर हात ठेवला. तेव्हापासून मी एक धरून बसलो, फोनवर माणूस काय बोलतो ते नंतर, माझे डोळे काय बघतात ते आधी. माझ्या बायकोलाही ते माहीत होतं. ती असती तर तिनं मला त्या दिवशी थांबवलं असतं.

आता मी पेणला रामवाडीत मुलाकडे असतो. रोह्यातलं घर बंद आहे. घर म्हणजे आम्हा दोघा भावांचं, मधे भिंत घालून दोन केलेलं. ओटा एकच, दारं दोन. खालच्या बाजूनं आलं की आधी धाकट्या भावाचं दार लागतं, मग माझं. भाऊ चार वर्षांमागे गेला. त्याची बायको तिकडे एकटी राहते, ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी तिनं मला विचारलं होतं, "भावजी, तुमची पुढची खोली बंदच असते. मशीन ठेवू का तिथं? माझ्याकडं जागा नाय पुरत." मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "आज मशीन येईल, उद्या खाट येईल." तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं.

तर टीव्ही. मुलाकडे केबल होती तेव्हा मला टीव्हीचा काही त्रास नव्हता. आकडे पाठ होते. बातम्या अमुक आकड्यावर, कबड्डी अमुक आकड्यावर, आणि शेवटी शेवटी एक आकडा होता त्यावर आपल्या भागातलं दाखवायचे. कुणाचं लग्न, कुठली जत्रा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ग्रामदैवताची पालखी. पालखी रोह्यात दारोदार फिरते. मुलगा एके दिवशी कामावरून आला आणि म्हणाला, केबल काढून टाकतोय.

"का?"

"कोण बघतं बाबा केबल?"

"मी बघतो."

"तुम्हाला सगळं यात दिसेल," असं म्हणून त्यानं टीव्हीच्या मागे एक काडी खुपसली. काडीच म्हणतो मी, आगपेटीच्या आकाराची होती. सोबत बोटाएवढा रिमोट. मी रिमोट उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"आकडे कुठायत?"

"आकडे नसतात आता. बटण दाबून बोलायचं, काय पाहिजे ते."

"कोणाशी बोलायचं?"

"रिमोटशी."

बावीस वर्षं मी फोनवर मास्तरशी बोललो. पलीकडे खोकणारा, जांभया देणारा माणूस होता. डबीशी बोलायचं माझं वय नाही, असं मी सांगून टाकलं आणि बोललोही नाही. सून लावून द्यायची. तेही सरळ लागत नसे. टीव्ही उघडला की आधी विचारतो, कोण बघतंय. माझ्या मुलाच्या घरात, माझ्या खुर्चीसमोर, मला विचारतो तू कोण. मग चार चित्रं येतात, त्यातलं एक आपलं म्हणून दाबायचं. सुनेनं माझ्या नावावर घुबड ठेवलं होतं. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "ते आधीपासूनच होतं, बाबा, मी फक्त नाव घातलं." मी महिनाभर घुबड होऊन बातम्या बघितल्या. मधेच चित्र थांबायचं आणि एक गोल फिरत राहायचं. ते गोल बघत बसायचं. केबल गेली तर जायची, परत आली तर यायची, असा गोल फिरवत बसवायची नाही.

हे सगळं मी खपवून घेतलं. खपवून घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

या वर्षी गणपतीनंतर मी मोरीत पाय घसरून पडलो आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. दसरा तीन आठवड्यांवर. मुलाला म्हटलं, मला रोह्याला ने, गाडीत आडवा घालून ने. तो म्हणाला, डॉक्टर नाही म्हणतात. मी म्हटलं, डॉक्टरच्या दारात पालखी येते का? तो म्हणाला, बाबा, हट्ट करू नका. हट्ट नव्हता तो. आमच्या आळीची रीत आहे. पालखी दारात आली की दार उघडं पाहिजे, रांगोळी पाहिजे, भोयांच्या पायांवर पाणी पाहिजे, आणि आरतीचं ताट हातात घेऊन घरचं माणूस उंबऱ्यात पाहिजे. दाराला कुलूप दिसलं की पालखी तिथं टेकत नाही, सरळ पुढच्या दाराला जाते. असं एकदा झालं की त्या घराचं नाव आळीत खालच्या आवाजात घेतात. माझ्या बापाच्या वेळेपासून आमचं दार एकदाही चुकलं नव्हतं. नोकरीत असताना मी त्या एका दिवसासाठी वर्षभर कुणाच्याही सुट्टीत कामाला उभा राहायचो.

चावी मुलाच्या हातून भावजयीकडे पाठवली. मी स्वतः फोन केला नाही. मुलानं येऊन सांगितलं, काकी बरं म्हणाल्या.

"नुसतं बरं?"

"बरं म्हणाल्या. आणि म्हणाल्या, भावजींना सांग पायाला जपा."

मला ते गोड बोलणं वाटलं. मनात एकदा वाकडं बसलं की सरळ बोललेलंही वाकडंच ऐकू येतं, हे आता कळतं.

तो दिवस उजाडला. सुनेनं सकाळीच आंघोळीचं पाणी दिलं, मी नवा सदरा घातला, टोपी घातली. खुर्ची टीव्हीसमोर, वॉकर बाजूला. पालखीचं आता इंटरनेटवर दाखवतात. सुनेनं रिमोटशी बोलून ते काढून दिलं. कोपऱ्यात लाल चौकोन आला. निघताना पोलीस देवाला सलामी देतात, ती मी बसल्या जागी हात जोडून बघितली. मग पालखी एकेक आळी करत निघाली. मधे दोनदा तो गोल फिरला. मी ओरडलो, सून आली, तिनं काहीतरी दाबलं, चित्र पुढे सुरू झालं. अकराच्या सुमारास आमची आळी आली.

माझ्या छातीत काय झालं ते मी लिहीत बसत नाही. कोपऱ्यावरचं पिठाच्या गिरणीचं दार दिसलं, मग पाटलांच्या जुन्या विहिरीचा कठडा, मग आमचा ओटा. ओट्याच्या खाली रांगोळी होती, लांबलचक, दोन्ही दारांसमोर. भावजयीचं दार सताड उघडं. आणि माझ्या दाराला कुलूप.

मी पुढे वाकलो. कुलूपच होतं. पितळी, मीच घेतलेलं. पालखी आमच्या शेजाऱ्याच्या दारातून उठली होती आणि भावजयीच्या दाराकडे येत होती. त्याच वेळी माझा फोन वाजला. भावजय. पलीकडून ढोलांचा एवढा आवाज की तिला ओरडावं लागत होतं.

"भावजी, ऐकताय ना? देव तुमच्या दारात हाय. मी फोन पुढं धरते, आरती ऐका."

मी टीव्हीकडे बघितलं. पालखी तिच्या दारात टेकत होती. माझं कुलूप जागच्या जागी.

"खोटं बोलतेस," मी म्हटलं. "देव तुझ्या दारात हाय. माझ्या दाराला कुलूप हाय."

"नाय ओ भावजी, उघडलंय. आत दिवा पण लावलाय. ऐका तुम्ही."

"मला ऐकवू नको. मी बघतोय. माझ्या डोळ्यांना दिसतंय."

"काय दिसतंय?"

आणि मग मी बोललो. फाटकावर उभा राहून जसा बोलायचो तसा, छाती भरून. म्हटलं, तू मुद्दाम कुलूप ठेवलंस. तुला देव परत पाठवायचाय माझ्या दारातून. आधी मशीन घालणार होतीस, आता अख्खं घर गिळायला टपलीस. माझा भाऊ गेला तेव्हाच तुला माहेरी पाठवायला हवं होतं. शेवटचं वाक्य मी इथं लिहिलं, कारण ते लिहायचं टाळलं तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही.

पलीकडे ढोल थांबले होते, मला वाटलं आरती सुरू व्हायची म्हणून. फोन बंद झाला नव्हता. कुणीतरी खोकलं ते मला ऐकू आलं. मग बंद झाला.

मुलगा आतून धावत आला. "बाबा, कोणावर ओरडताय?"

"तुझ्या काकीवर. बघ, बघ तुझ्या डोळ्यांनी. कुलूप बघ."

त्यानं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "बाबा, ते मागे असतं."

"काय मागे असतं?"

"हे दिसतं ते थोडं उशिरा दिसतं. अर्धं मिनिट, मिनिट. मघाशी गोल फिरत होतं ना, तेवढं आणखी मागे पडलं असेल."

"मग लाइव्ह कशाला लिहिलंय?"

"लाइव्हच आहे ते. पण मागे."

"मला हे कधी सांगितलंस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

माहीत असेल. ज्या माणसाला आकडे नसलेला रिमोट धरता येत नाही, त्याला हे माहीत असेल. मी त्याला काय काय म्हणालो असतो, पण तोंड उघडायच्या आत टीव्हीवर पुढचं सगळं दिसायला लागलं. बंद कर म्हणायचंही सुचलं नाही.

भावजयीनं आपल्या दारातली आरती ओवाळली, ताट ओट्यावर ठेवलं आणि घाईनं माझ्या दाराशी आली. कमरेला खोचलेली चावी काढली. कुलूप काढलं. आता समजलं मला, गर्दीत बंद घर उघडं टाकून ती स्वतःच्या दारात कशी उभी राहणार? दार ढकललं, वाकली, पदरानं माझा उंबरा पुसला. आत समई होती. ती काडी ओढून लावली. बाहेर येऊन पाण्याचा तांब्या घेतला, भोयांच्या पायांवर पाणी घातलं. पालखी माझ्या दारात टेकली. मग तिनं फोन काढला, दोनदा कुठंतरी बोट दाबलं आणि कानाला न लावता पालखीपुढे हात लांब करून धरला, मला ऐकू यावं म्हणून. आवाज मोठा करणारं बटण दाबलं होतं तिनं. ती हसत होती. फोनकडे तोंड करून बोलली, ते मी मघाशीच ऐकलं होतं.

मग ती हसायची थांबली.

मी बोललेलं माझ्यासमोर तिच्यापर्यंत पोचत होतं. ढोलवाल्याचा हात वर गेला तो तसाच राहिला. पुढचा भोई मान वळवून फोनकडे बघायला लागला. गिरणीवाल्याची म्हातारी पदर तोंडावर घेऊन मागे सरकली. भावजय फोन तसाच धरून उभी होती. तो खाली घ्यावा हेही तिला सुचेना. मी खुर्चीतून म्हणत होतो, पुरे, पुरे, पण जे बोलून झालं होतं ते तिथं अजून चालू होतं. मिनिटभरापूर्वीचा मी थांबायला तयार नव्हता. शेवटी तिनं फोन बंद केला, कमरेला खोचला, ताट उचललं आणि माझ्या दारात माझ्या देवाला ओवाळलं. तोंडानं आरतीही म्हटली. लोक मागून म्हणायला लागले.

त्या दिवसापासून तिनं माझा फोन उचलला नाही. मुलगा त्या रविवारी रोह्याला जाऊन आला. येताना प्रसादाच्या नारळाचं भक्कल आणि फडक्यात बांधलेली चावी घेऊन आला.

"काय म्हणाल्या?"

"पुढच्या वर्षी स्वतः येऊन उघडा म्हणाल्या."

"आणखी?"

"मी त्यांना सांगितलं टीव्हीचं. मागे असतं ते. त्या म्हणाल्या, टीव्ही मागे असंल, बोलले ते तुझे बाबाच ना."

मुलाच्या मते मी फोनवर माफी मागायची आणि विषय संपवायचा. सुनेचं म्हणणं, एक छोटा व्हिडिओ करून पाठवू. मी तिला म्हटलं, तुझा व्हिडिओ तिकडे कधी पोचेल, आज का उद्या? त्या दोघांवर मी अजून रागावलेला आहे. त्या लाल चौकोनावरही आहे, आणि ज्या कुणी तो तिथं ठेवला त्याच्यावरही. कुणी म्हणेल स्वतःवर का नाही? स्वतःवर आहेच. ती काय सांगायची गोष्ट आहे? गाडीची पाटी बघून खांब वर करणारा माणूस मी, फोनमध्ये एवढा ढोल वाजत होता तो ऐकला नाही. टीव्हीवर ढोल अजून एक घर मागे होता. एवढं जुळलं नाही मला.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरनं काठीवर सोडलं. मुलाला म्हटलं, रोह्याला. या वेळी तो नाही म्हणाला नाही. पेणला गाडीत बसलो. कासू जवळ आलं तसं माझ्या फाटकाच्या बाजूच्या खिडकीशी सरकलो, पण तिथं आता खालून रस्ता काढलाय, खांबच नाही.

आळीत पोचलो तेव्हा चारचा सुमार. ओट्यावर भावजय ब्लाउजाला काज करत बसली होती. समोरच्या नळावर बायका होत्या, गिरणी चालू होती. ती उठली, पदर घेतला, बसा म्हणाली नाही. मी पायरीखालीच उभा राहिलो.

"गो, माझं चुकलं," मी म्हटलं. "कुलूप उघडलेलं होतं. दिसलं ते मागचं होतं."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "मला माहीत हाय उघडलेलं होतं. मीच उघडलं."

"म्हणून तर आलो सांगायला."

"मला कशाला सांगता? मी होते तिथं." तिनं हनुवटीनं नळाकडे दाखवलं. "त्यांना सांगा. आणि मोठ्यानं सांगा. त्या दिवशी तुमचा आवाज पार गिरणीपर्यंत गेला होता."

मुलगा म्हणाला, "काकी, राहू दे ना." तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मला राग आला. अख्ख्या आयुष्यात मला असं उभं करून कुणी बोलायला लावलं नव्हतं, साहेबानंही नाही. परत फिरावं असं वाटलं, आणि फिरलोही असतो, पण उंबऱ्याकडे नजर गेली. स्वच्छ होता. चावी माझ्या खिशात होती, म्हणजे दार उघडता न येताही ती बाहेरून उंबरा पुसत होती.

मी काठीवर भार दिला आणि वळलो. फाटकात घुसणारी गुरं हाकायला जो आवाज काढायचो तो काढला. म्हटलं, ऐका. पालखीच्या दिवशी मी फोनवर जे बोललो ते खोटं होतं. माझं दार उघडं होतं. हिनं उघडलं होतं, उंबरा हिनं पुसला, देवाला हिनं ओवाळलं. हिला माहेरी पाठवायला हवं होतं असं म्हणणारा माणूस गाढव आहे.

नळावरची एकजण हसली. बाकीच्यांनी घागरी भरणं चालू ठेवलं. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि विचारलं, "काय म्हणालात? नाय ऐकू आलं."

मला पुन्हा सगळं म्हणावं लागलं.

वळलो तेव्हा ती आत गेली होती. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तो पायरीवर ठेवला. मी चावी काढून तांब्याच्या शेजारी ठेवली.

"ही तुझ्याकडेच ठेव," मी म्हटलं. "आणि मशीन ठेव आत. खोली मोठी हाय."

तिनं चावी उचलली, पदराला बांधली.

"चावी ठेवते," ती म्हणाली. "मशीन माझ्या घरात बरी हाय."